एका वेळी एक घाणा: बेळगावात बसून जगभरच्या गाड्यांवरचं खाताना

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही पाचजण होतो आणि मागवल्या अकरा प्लेटा. मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक, सत्तरी ओलांडलेली आई आणि त्या दिवशी नेमके खानापूरहून आलेले मामा. हॉटेल नवंकोरं, भिंतीवर कुठल्या कुठल्या देशांतल्या बाजारांची चित्रं. बाहेर पाटी कानडीत, मेनू इंग्रजीत, वेटर ईशान्येकडचा म्हणून त्याच्याशी हिंदी, आणि टेबलावर आमचं आपलं मराठी. बेळगावकराला यात नवल काहीच नाही.

नवल पुढे झालं. अकराच्या अकरा प्लेटा दहा मिनिटांत टेबलावर हजर. मोमो खाईपर्यंत टाको मऊ पडला, टाको उचलला तोवर नूडल्सचा गोळा झाला, आणि नाचोज तर बरणीचं झाकण उघडं राहिल्यावर पापड सादळतात तसे सादळले. मामा एकेक प्लेट पुढे ओढून बघत होते. टाकोकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढीशी भाकरी? आमच्यात कावळ्याला घालतात ती मोठी असते की." आई काहीच बोलली नाही, हे जास्त वाईट होतं. घरी आल्यावर तिनं दहीभात कालवून घेतला.

नंतर विचार केला की चूक हॉटेलाची होती तशी आमचीही होती. कोपऱ्यावरच्या गाडीवर आपण असं खातो का? मिरची भजीचा घाणा निघतो, कागदावर येतो, फुंकर मारत संपतो, मग पुढच्या घाण्याची वाट बघतो. दरम्यान चुरमुऱ्यांचं गिरमिट घ्यावं की नको यावर चर्चा. टाको, मोमो, फलाफल, सगळे मूळचे असेच गाडीवरचे. उभ्याने, गरम, एकावेळी एक. त्यांना खुर्ची-टेबल मिळालं म्हणून त्यांचा स्वभाव बदलत नाही. तेव्हापासून आम्ही अशा हॉटेलात गाडीवर गेल्यासारखं खातो. कसं, ते सांगते.

वार बघून जा

हे कुठल्या परक्या शहराच्या माणसाला सुचणार नाही, पण आपल्याकडे पहिली पायरी हीच. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आपले खाण्याचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं बेळगावपासून निपाणीपर्यंत अजून पुष्कळ आहेत, संकष्टी वेगळीच. श्रावण लागला की गणपती होईपर्यंत कित्येक घरांत मटणाचं भांडं वर माळ्यावर जातं. याचा तुमच्या प्लेटशी थेट संबंध आहे. सोमवारी संध्याकाळी शवर्म्याचं, म्हणजे उभ्या सळईवर भाजून, कापून रोटीत गुंडाळतात ते, चिकन कोण खाणार? गिऱ्हाईक नाही म्हणजे माल हलत नाही, आणि न हललेला माल फ्रीजमध्ये जाऊन परत बाहेर येतो. मांसाहारी खायचं असेल तर बुधवारी किंवा रविवारी जा. सोमवारी गेलात तर निमूटपणे फलाफल मागवा, ते त्या दिवशी चांगलं मिळतं, कारण तेच जास्त खपतं.

वेळ संध्याकाळी सातच्या आसपास धरावी. त्याआधी शेगड्या तापलेल्या नसतात, रविवारी साडेआठनंतर उभं राहायला जागा नसते आणि स्वयंपाकघरातली माणसं घायकुतीला आलेली असतात. दुपारी तीन-चारला कॉलेजची गर्दी असते. ती फ्राइज आणि कोल्ड कॉफीवर दोन तास बसते, त्यामुळे टेबल मिळेल या आशेवर राहू नका.

पावसाळ्याबद्दल एक. जून ते सप्टेंबर बेळगावच्या हवेत कुरकुरीत काहीही पाच मिनिटांवर टिकत नाही. त्या दिवसांत वाफाळलेलं आणि रस्सेदार मागवा.

बसण्याआधी भांडी बघा

आत शिरल्या शिरल्या खुर्ची ओढू नका. बहुतेक अशा हॉटेलांत स्वयंपाकाची जागा उघडी असते किंवा काचेमागे असते. हात धुवायच्या निमित्ताने तिथून एक फेरी मारा.

मेनूत ऐंशी पदार्थ आणि आत चार शेगड्या असतील तर हिशेब सरळ आहे: निम्मे पदार्थ त्याच तीन सॉसच्या बाटल्यांतून निघणार. मग त्यातले खरे कुठले? माझा नियम असा की ज्या पदार्थाचं स्वतःचं भांडं दिसतं, तोच मागवायचा. वाफेची बांबूची करंडी किंवा थराथरांचा मोदकपात्रासारखा डबा दिसला तर मोमो इथेच होतात. उभी सळई फिरताना दिसली तर शवर्मा. आप्पेपात्रासारखा, पण जास्त खोल खळ्यांचा साचा दिसला तर जपानी ताकोयाकी. जाड लोखंडी तव्यावर कुणी मक्याची चपटी भाकरी शेकत असेल तर टाको. काहीच दिसलं नाही आणि मायक्रोवेव्हची टिंग टिंग ऐकू आली, तर कॉफी पिऊन उठलेलं बरं.

तेलाकडे नाक आणि डोळे दोन्ही लावा. देशात जुलै २०१८पासून नियम आहे की तळणाच्या तेलात खराब झालेल्या घटकांचं, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्सचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही. आपल्याजवळ मोजायचं यंत्र नसतं, पण काळपट रंग, न विरणारा फेस आणि घशाला खवखव आणणारा वास या तीन खुणा आपल्या आयांना यंत्राशिवाय कळत होत्या. अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर दर्शनी लावलेला असावा लागतो आणि बिलावरही छापावा लागतो.

रंगाचंही लक्षात असू द्या. मार्च २०२४मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरी आणि कापसाच्या मिठाईत (कॉटन कँडीत) कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली, त्याच वर्षी जूनमध्ये कबाबांवरही ती आली. तरी एखाद्या प्लेटमधला लाल रंग बोटाला लागून हात धुतल्यावरही राहत असेल, तर तो बहुधा मिरचीचा नाही. ब्याडगी मिरचीच्या मुलखात राहून आपल्याला तेवढं ओळखता यायला हवं.

शवर्म्यासाठी थोडं थांबून बघाच. सळईवरचा गोळा आगीसमोर फिरत असला पाहिजे आणि कापणारा फक्त वरचा, भाजून तपकिरी झालेला थर काढत असला पाहिजे. आग बंद, गोळा थंड आणि सुरी आतपर्यंत गुलाबी मांसात चाललेली दिसली तर पुढे चला. २०२२च्या मेमध्ये कासरगोडला शवर्मा खाल्ल्यानंतर एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला होता. पुढे जानेवारी २०२३मध्ये केरळने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, एप्रिल २०२५मध्ये तमिळनाडूने वर्षभरासाठी तीच घातली. आपण एवढंच विचारायचं: "मेयोनीज अंड्याचं का बिनअंड्याचं? इथंच करता का बाटलीतलं?" इथंच केलेलं चांगलं, हा आपला नेहमीचा समज या एका गोष्टीत उलटा आहे. कच्च्या अंड्याचं घरगुती मेयोनीज तासन्‌तास बाहेर राहिलं की धोका तिथेच असतो.

मेनू वाचायची किल्ली: पीठ, सारण, चटणी

नावांना घाबरायचं कारण नाही. जगातल्या कुठल्याही गाडीवर तीनच गोष्टी असतात: धरायला काहीतरी पिठाचं, आत काहीतरी सारण, वर काहीतरी चटणी. वेटरला "हे काय असतं?" असं विचारलं तर तो "बहुत अच्छा है" म्हणेल. त्याऐवजी "पीठ कशाचं? आत काय? वर काय?" असं विचारा. त्याला सांगता आलं नाही तर आत जाऊन विचारून येऊ द्या. लाजायचं नाही. भाजीवाल्याशी आपण याहून जास्त वाद घालतो.

मोमोपासून सुरुवात करा, कारण घरातली वडीलधारी माणसं इथं पटकन रुळतात. उकडीच्या मोदकाचा हा तिखट चुलतभाऊ. तांदळाच्या उकडीऐवजी मैद्याची पारी, गूळ-खोबऱ्याच्या सारणाऐवजी कोबी-पनीर किंवा चिकन, बाकी कळ्या पाडणं तेच आणि वाफवणं तेच. आईनं पहिला मोमो उचलला आणि आधी कळ्या मोजल्या. "नऊच? सुगरण नव्हे," म्हणाली, पण प्लेट संपवली. चीनचा म्हणून मोमो मेनूत घालतात, पण मोमो तिबेट-नेपाळकडचा, आणि तिबेटी लोक आपल्याला काही लांबचे नाहीत. हुबळीच्या पलीकडे मुंडगोडला त्यांची मोठी वसाहत १९६६पासून आहे. तिकडे जाणं झालं तर तिथे खा, मग इथल्या हॉटेलातल्या मोमोची पारी किती जाड आहे ते कळेल.

टाको म्हणजे मेक्सिकोची मक्याची भाकरी आणि त्यात दुमडलेलं कालवण. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, मग वाटतात. त्यामुळे पिठाला चिकटपणा येतो आणि एक वेगळाच खमंग वास. आपल्या मक्याच्या भाकरीला तो नसतो. होडीच्या आकाराचा कडक कुरकुरीत टाको मिळाला तर तो अमेरिकेत रुजलेला प्रकार, मेक्सिकोतल्या गाडीवरचा मऊ असतो. "सॉफ्ट, कॉर्न" असं स्पष्ट सांगा, नाहीतर मैद्याच्या चपातीत गुंडाळून देतात. "अल पास्तोर" असं लिहिलेलं दिसलं तर गंमत बघा: लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी सळईवरचा शवर्मा नेला, तिथे त्याला मिरच्यांचा मसाला लागला, वर अननस बसला आणि त्याचा टाको झाला. मूळ डुकराच्या मांसाचा, आपल्याकडे चिकनचा करतात. विचारून घ्या.

नाचोज मला एका कारणासाठी जवळचे वाटतात. ते सीमाभागातले आहेत. मेक्सिको आणि अमेरिकेच्या हद्दीवर पिएद्रास नेग्रास नावाचं गाव आहे. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला पलीकडून आलेल्या अमेरिकन बायकांना तिथल्या हॉटेलात काही खायला हवं होतं आणि आचारी जागेवर नव्हता. इग्नासिओ अनाया यांनी हाताला लागलं ते, म्हणजे तळलेल्या मक्याच्या भाकरीचे तुकडे, चीज आणि मिरच्या, एकत्र करून दिलं. इग्नासिओचं लाडकं नाव नाचो. हद्दीच्या गावात असंच होतं, या बाजूचं पीठ आणि त्या बाजूचं गिऱ्हाईक. आपण कुंदा कोल्हापूरला नेतो आणि येताना मिसळीचा मसाला आणतो, तसंच.

फलाफल हा वडाच, पण डाळीचा नाही. काबुली चणे रात्रभर भिजवून, न शिजवता, कोथिंबीर-लसूण-जिऱ्याबरोबर भरड वाटून तळतात. इजिप्तमध्ये बाकल्याच्या बियांचा करतात. फोडल्यावर आत हिरवा आणि मोकळा दिसला तर बरोबर. आत पिठूळ पिवळा निघाला तर बेसन घातलंय. सोबतचा हमस म्हणजे शिजवलेले चणे, तिळाची पेस्ट, लिंबू, लसूण, तेल. तिळाची चटणी रोज खाणाऱ्या माणसाला हमस आवडला नाही असं मी अजून बघितलं नाही. मामा सोडून.

बान्ह मी व्हिएतनामचा. फ्रेंचांनी तिथे आपला लांबट पाव नेला, तिथल्या लोकांनी त्यात गाजर-मुळ्याचं लोणचं, काकडी, कोथिंबीर, मिरची आणि मांस भरलं. आपल्या वडापावची गोष्ट वेगळी आहे का? "पाव" हा शब्दच पोर्तुगीज, "बटाटा"सुद्धा. मिरची, मका, टोमॅटो, शेंगदाणा, हे सगळं अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर गोव्याकडच्या किनाऱ्यावर उतरलं आणि घाट चढून आपल्याकडे आलं. म्हणजे मेक्सिकोचा साल्सा समोर आला की तो पाहुणा नव्हे, चार-पाचशे वर्षांपूर्वी वेगळा निघालेला भाऊबंद. हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मग वाटणी मागायला आलाय काय?"

ताकोयाकीचा टाकोशी काही संबंध नाही, नावानं फसू नका. जपानीत ताको म्हणजे ऑक्टोपस. ओसाका शहरातले हे आप्पे, आत ऑक्टोपसचा तुकडा. पड्डू खाऊन वाढलेल्या बेळगावकराला आकार ओळखीचा, पण पड्डू आतून शिजलेला असतो आणि ताकोयाकी आतून मुद्दाम पातळ ठेवतात. तोंड पोळतं. इकडे बहुतेक ठिकाणी मका, मशरूम किंवा चिकन घालतात.

बाकीचे झटपट सांगते. एम्पनाडा म्हणजे लॅटिन अमेरिकेतली तिखट करंजी. क्रेप हा फ्रान्सचा डोसा-घावनाचा अवतार, गोड घेतलेला चांगला. इजिप्तची कुशारी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, चणे, वर टोमॅटोचा आंबट रस्सा आणि तळलेला कांदा. मिसळ आवडणाऱ्यानं डोळे मिटून मागवावी. कोरियाची टॉकबोक्की, तांदळाच्या चिवट नळ्या लालभडक सॉसमध्ये, पोरांना फार आवडते. मला चघळून जबडा दुखतो. बर्गर आणि पिझ्झा अशा हॉटेलात मागवायला जाऊ नये, ते कुठेही मिळतात.

शाकाहारी असाल तर हे प्रश्न विचाराच

हिरवा ठिपका पुरेसा नाही. पूर्वेकडच्या पदार्थांत मासे चवीसाठी घालतात, भाजीसारखे दिसत नाहीत. थायलंडच्या पॅड थाई नूडल्समध्ये चिंच, गूळ, शेंगदाणे म्हणजे ओळखीचा ऐवज, पण मूळ कृतीत फिश सॉस आणि सुकट असते. कच्च्या पपईच्या सलाडमध्येही तेच. चिनी परतलेल्या भाज्यांत ऑइस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस असतो. ताकोयाकीवर जे गुलाबी पापुद्रे वाफेने हलत असतात, ते सुकवलेल्या माशाचे. किमचीत, म्हणजे कोरियन लोणच्यातही बहुतेक वेळा मासे किंवा कोळंबी आंबवलेली असते. "व्हेज आहे ना?" विचारलंत तर "हो" येणार. "फिश सॉस, ऑइस्टर सॉस घालता का?" असं नाव घेऊन विचारा.

दुसरा प्रश्न तेलाचा: फलाफल आणि चिकन एकाच कढईत तळता का? तिसरा तव्याचा. आईसाठी आम्ही हे दर वेळी विचारतो, आणि एकदा आचारी स्वतः बाहेर येऊन म्हणाला, "आजी, कढई एकच आहे, तुम्ही वाफेचं खा." त्या हॉटेलात आम्ही पुन्हा पुन्हा जातो. खरं सांगणाऱ्याकडे जावं.

शहापूर-अनगोळकडच्या जैन मैत्रिणींचा अनुभव असा की कांदा-लसूण-बटाट्याशिवाय अशा ठिकाणी फार काही उरत नाही. सॉस आधीच तयार असतात, त्यातला लसूण काढता येत नाही. त्यांच्यासाठी बिनअंड्याचा साधा चीज क्रेप किंवा चुरो (साखरेत घोळवलेली तळलेली कांडी) बरा. शेंगदाणा, तीळ, सोया यांची कुणाला ॲलर्जी असेल तर ते बसताक्षणीच सांगा. साते म्हणजे काडीवर भाजलेलं मांस, त्याची चटणी शेंगदाण्याची असते, ताहिनी तिळाची, आणि सोया तर पूर्वेच्या प्रत्येक बाटलीत.

ऑर्डर द्यायची ती अशी

आता मुख्य गोष्ट. पाचजण असाल तर पहिल्या फेरीत तीन प्लेटा, त्याहून एकही जास्त नाही. प्रत्येकीचे नग किती ते आधी विचारा. मोमो कुठे सहा असतात, कुठे आठ, टाको कुठे दोन, कुठे तीन. पाच माणसांत तीन टाको आले की घरात महाभारत.

वेटरला सुरुवातीलाच शांतपणे सांगा: "भाऊ, आम्ही थोडं थोडं मागवणार. एक प्लेट आली, संपली, की दुसरी आणा. सगळं एकदम नको." पहिल्यांदा त्याला ते आवडत नाही, कारण टेबल अडतं. म्हणून गर्दीच्या वेळी जाऊ नका असं वर म्हटलं. सातला गेलात तर तो कुरकुरत नाही.

क्रम असा ठेवतो आम्ही. आधी वाफेचं आणि सौम्य, म्हणजे मोमो किंवा हमस. मग तळलेलं, म्हणजे फलाफल, एम्पनाडा. ते आल्या आल्या सगळे हात एकदम पडले पाहिजेत, त्यात शिष्टाचार नाही. त्यानंतर टाको किंवा शवर्मा. भात आणि नूडल्स शेवटी, आणि ते एकच. बहुतेक वेळा तिथवर पोहोचेपर्यंत भूक उरलेली नसते आणि ती प्लेट मागवावीच लागत नाही. पहिल्या दिवशीच्या अकरा प्लेटांच्या जागी आता आम्ही सहा-सातांत उठतो.

"प्लॅटर" नावाच्या मोठ्या ताटापासून जपा. त्यात सगळं थोडं थोडं असतं, म्हणजे सगळं एकदम गार होतं. आणि त्यातलं निम्मं ताट फ्राइजनी भरलेलं.

चटणी वेगळी वाटीत मागा. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम होतं. वरून ओतलेल्या सॉसनं कुरकुरीत पदार्थ दोन मिनिटांत मेला. शिवाय आईला सौम्य, मामांना जहाल, असं ज्याचं त्याला करता येतं.

हातानं, पण नीट

काटा-चमचा बाजूला ठेवा. टाको उचलताना तो वाकडा करू नका, आपली मान वाकडी करा, नाहीतर सारण दुसऱ्या बाजूनं मांडीवर. दोन बोटं आणि अंगठा, प्लेटच्या वरच, आणि एकदा उचलला की संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही. शवर्म्याचा कागद एकदम सोलू नका, खाल तेवढाच फाडत जा. तो कागद म्हणजे त्याची परकर-नाडी आहे, असं मामा म्हणाले आणि लेकीला ठसका लागला.

मोमो एका घासात. अर्धा तोडला की आतला रस प्लेटमध्ये जातो आणि उरलेला कोरडा राहतो. ताकोयाकी मात्र उलट, आधी काडीनं भोक पाडून वाफ जाऊ द्या, मग खा. कुशारी खालीवर कालवून, मिसळीसारखी. चॉपस्टिक येत नसतील तर चमचा मागा. थायलंडमध्येसुद्धा लोक भात चमच्यानंच खातात, तेव्हा न्यूनगंड नको.

तिखटाचा माज उतरतो तेव्हा

संकेश्वरी मिरचीच्या प्रांतातला माणूस मेनूवरच्या तीन मिरच्यांच्या चित्राला हसतो. बऱ्याचदा त्याचं बरोबरही असतं. नाचोजवरच्या जालपिनो मिरचीचं तिखटपण स्कोव्हिल मापात २,५०० ते ८,००० एवढंच. पण "हाबानेरो" हे नाव दिसलं तर थांबा, ते १ लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत जातं. नवऱ्यानं हाबानेरो सॉस ठेच्यासारखा चमच्यानं घेतला होता. नंतर वीस मिनिटं तो कुणाशी बोलला नाही. अशा वेळी पाणी किंवा थंड सोडा उपयोगाचा नाही, तिखट पाण्यात विरघळत नाही. ताक, लस्सी, दही मागवा.

उलट कोरियन गोचुजांग दिसायला भयंकर लाल, पण मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन यांचा तो गोडसर प्रकार. ब्याडगीसारखा, रंग जास्त आणि झणका कमी. आणि ग्वाकामोली म्हणजे ठेचलेलं बटर फ्रूट (अवोकाडो), मीठ, लिंबू, कांदा. बाजारात बटर फ्रूट स्वस्त असेल तेव्हा ते घरीच करावं, हॉटेलात त्याचे पैसे देताना जीव कासावीस होतो.

बिल वाचा

साध्या हॉटेलात जेवणावर जीएसटी ५ टक्के: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. १,२०० रुपयांचं खाल्लं तर ६० रुपये कर, १,२६० बिल. काही लहान हॉटेलं कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी लावता येत नाही.

सर्व्हिस चार्ज ही वेगळी गोष्ट. तो सरकारचा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२मध्ये सांगितलं की तो आपोआप बिलात घालता येत नाही, गिऱ्हाइकाची इच्छा असेल तरच. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये ते ग्राह्य धरलं. आमच्या त्या अकरा प्लेटांच्या बिलात तो घातलेला होता, आणि आम्ही मुकाट्यानं दिला, कारण तेव्हा ठाऊक नव्हतं. आता मी म्हणते, "एवढं तेवढं काढा, त्या पोराला आम्ही हातात देतो." बहुतेक ठिकाणी गोडीत काढतात. नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि त्या पोराला खरंच हातात द्या.

गोड आणि पार्सल

चुरो म्हणजे चकलीच्या सोऱ्यातून पाडल्यासारखी, दालचिनी-साखरेत घोळवलेली लांब कांडी. ती गरमच मागवा, गार चुरो म्हणजे शिळी शंकरपाळी. बाकलावा चांगला असतो, पण पापुद्र्यांचं कौतुक मांडे खाल्लेल्या माणसाला किती असणार! आम्ही बहुधा गोड बाहेर घेत नाही. येताना कुंदा घेतो.

उरलेलं बांधून घ्या, पण सगळं नाही. टाको, नाचोज, ताकोयाकी बांधून नेणं म्हणजे पैसे कचऱ्यात. शवर्मा आणि मेयोनीज लागलेलं काहीही उद्यावर टाकू नका, रात्रीच संपवा नाहीतर टाकून द्या. मोमो नेता येतात. दुसऱ्या दिवशी तव्यावर थोडं तेल सोडून खालची बाजू खरपूस करा, झाकण ठेवा, वर पाण्याचा हबका मारा. फलाफल तव्यावर दाबून गरम होतो, मायक्रोवेव्हमध्ये रबर होतो. हमस फ्रीजमध्ये दोन दिवस चांगला राहतो, वर तेलाचा थर ठेवला तर.

मागच्या खेपेला उरलेला हमस आईनं दुसऱ्या दिवशी मामांच्या ताटात वाढला, ज्वारीची भाकरी, कांदा आणि वर ठेच्याची टिकली. मामांनी अर्धी भाकरी संपवली, मग विचारलं, "पिठलं बेस झालंय, पण आज गार का गं वाढलीस?"